पाठ टेकल्यानंतर

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर दिवस कलला की म्हशी येऊन उभ्या राहतात. गिऱ्हाईक समोर आलं की गवळी कासेला हात घालतो, धार पेल्यात वाजू लागते आणि वर फेस धरलेलं कोमट दूध उभ्याउभ्या प्यायलं जातं. तालमीतून जोर-बैठका उरकून आलेली पोरं, दुकान आवरून आलेले व्यापारी, पावसापाण्यावर बोलणारे म्हातारे, सगळे त्याच कट्ट्याला टेकतात. त्या दिवशी माझ्या शेजारी तालमीतलं एक पोरगं मोबाईल धरून उभं होतं आणि त्याच्या खांद्यावरून एक आबा आत डोकावत होते. आबांचे दोन्ही कान कुस्तीत मोडून गाठ धरलेले. अशा कानांच्या माणसाला कोल्हापुरात ओळख सांगावी लागत नाही. पडद्यावर जुनं, धुरकट चित्रण चाललं होतं. आठ कोनांचा जाळीचा पिंजरा, आत दोन दांडगी माणसं. एक गोरा, मान आणि खांदा एकच झालेला, वर चढलेला. दुसरा काळा, उंच, सुटसुटीत बांध्याचा, खाली उताणा.

“पडला की रं ह्यो,” आबा म्हणाले. “पाठ टेकलीया चांगली. सोडवत का न्हाईत?”

“ह्यात पाठ टेकली तरी चालतंय, आबा. आत्ता कुठं सुरू झालंय.”

आबांनी पेला रिकामा केला, मिशीवरचा फेस पंजाने पुसला. “पाठ टेकल्यावर आनि काय सुरू व्हायचं ऱ्हातंय?”

पोरगं हसलं आणि त्याने बोटाने पडदा सरकवून दुसरी झुंज लावली. खाली पडलेल्याचं पुढं काय झालं ते आबांना दिसलंच नाही. मला ते ठाऊक होतं, म्हणून घरी पोचेपर्यंत तो उताणा माणूस माझ्याबरोबर चालत राहिला.

त्याचं नाव मॉरिस स्मिथ. सिएटलचा. २७ जुलै १९९७ रोजी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, बर्मिंगहॅम नावाच्या शहरात ती झुंज झाली. वर चढलेला होता मार्क कोलमन: १९८८ चा अमेरिकी विद्यापीठांचा कुस्ती-विजेता, १९९२ ला बार्सिलोना ऑलिंपिकच्या गादीवर उतरलेला मल्ल आणि अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप म्हणजे यूएफसीचा पहिला हेवीवेट विजेता. तोवर पिंजऱ्यात तो एकदाही हरलेला नव्हता. त्याची रीत सरळ होती. पट काढायचा, समोरच्याला खाली घ्यायचं आणि वर बसून ठोकत राहायचं. डोक्याने धडक मारायलाही तेव्हा मुभा होती. स्मिथ लाथाबुक्क्यांचा खेळाडू, किकबॉक्सिंगमधला. अशा माणसाचं कुस्तीगीरापुढं काय होतं, हे त्या चार वर्षांत सगळ्यांनी पाहिलं होतं.

आपल्याकडच्या वाचकाला हा खेळ परका वाटेल, म्हणून थोडं मागं जायला हवं. १९९३ च्या नोव्हेंबरात डेन्व्हर शहरात आठ जणांना पिंजऱ्यात सोडलं, तेव्हा कराटेवाला, बॉक्सर, सुमोवाला, लाथांनी लढणारा डच गडी असे सगळे त्यात होते. ठोशांची माणसं बाकीच्यांना लोळवतील, असा कितीतरी लोकांचा होरा होता. जिंकला तो होयस ग्रेसी नावाचा सडपातळ ब्राझिली. तो प्रत्येकाला जमिनीवर नेई आणि तिथं गळा नाहीतर हात धरून त्याच्याकडून हार कबूल करून घेई. पुढं त्याच वाटेने अमेरिकेचे कुस्तीगीर आले, आणि ठोसेबाज ही जात हसण्यावारी गेली. उभा आहे तोवर वाघ, पडला की संपला.

हे शेवटचं वाक्य कोल्हापुरात कुणालाही पटेल. आमची सगळी दुनिया पाठ या एका गोष्टीवर उभी आहे. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले, युरोपात त्यांनी जुनी रोमन रंगमैदानं पाहिली, आणि परतल्यावर खासबागेत तसं मैदान बांधायला घेतलं. १९१२ ला ते तयार झालं. मधे हौदा, भोवती चढत जाणारी वर्तुळं. कुठल्याही कोपऱ्यात बसा, नजर घरंगळत त्या तांबड्या मातीवरच येते. हजारो माणसांना एकाच क्षणी एकच गोष्ट दिसावी म्हणून ती वास्तू बांधली आहे. आणि ती एक गोष्ट म्हणजे कुणाची तरी पाठ मातीला लागणं. त्यासाठी पंजाबातून मल्ल आले, त्यासाठी मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी अशा तालमी नांदल्या. जत्रेच्या पत्रकांवर आजही ‘निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान’ असंच छापतात. निकाल म्हणजे पाठ. समोरच्याला आस्मान दाखवलं की विषय संपला, मग हलगी उसळते, फेटे उडतात, माणसं पैलवानाला खांद्यावर घेतात आणि खिशात हात घालतात.

लहानपणी आमचे तात्या मला मैदानाला नेत. मला ओढ त्या शेवटच्या झटक्याची: धोबीपछाड, ढाक, कलाजंग. तात्यांचं लक्ष भलतीकडेच असे. सलामी झाल्यावर दोन पैलवान नुसते उभे असतात, कपाळाला कपाळ लागतं, मानेवर पंजा पडतो, मनगट पकडलं जातं, सुटतं, पाय एक वीत पुढं येतो नि मागं जातो. ही खडाखडी. पाच मिनिटं झाली की पोरं शिट्ट्या मारायला लागतात, मागून कुणीतरी “लाव की रं डाव!” म्हणून ओरडतो. तात्या मात्र तेव्हाच पुढं सरकून बसत. कुणाचं वजन कुठल्या टाचेवर आहे, कोण श्वास तोंडाने घ्यायला लागला, कोण हात धरायला देतो आणि कोण देत नाही, हे ते पुटपुटत सांगत. कुस्ती इथंच होते म्हणायचे, खाली जाते ती फक्त पावती. तेव्हा मला ते कंटाळवाणं वाटे. स्मिथच्या झुंजी बघताना तात्यांचा तो पुढं सरकलेला गुडघा हटकून दिसतो.

ठोसेबाज हा खडाखडीतच राहणारा माणूस. त्याची सगळी विद्या दोन माणसांमधल्या हातभर अंतरात असते. ते अंतर राखलं तर तो राजा, मोडलं तर कोणी नाही. स्मिथने ते अंतर फार वर्षं राखलं होतं. १९८३ पासून तो किकबॉक्सिंगचा हेवीवेट जगज्जेता, वर्षानुवर्षं पट्टा कमरेला. १९८९ च्या नोव्हेंबरात टोकियो डोममध्ये त्याने मिनोरू सुझुकी या जपानी कुस्तीगीराला हरवलं. पुढं जपानमध्ये नियम बदलत गेले, धरपकड आत आली, आणि १९९४ ला त्याच सुझुकीने स्मिथचा हात पिळून त्याला शरण आणलं. केन शॅमरॉकने हरवलं, बास रुटेनने हरवलं. उभ्याने जगाला भारी पडलेला माणूस खाली गेल्यावर प्रत्येक वेळी सापडत होता.

अशा वेळी मोठे खेळाडू काय करतात? बहुतेक जण आपला खेळ किती शुद्ध होता ते सांगत उरलेलं आयुष्य काढतात. तेही खोटं नसतं. स्मिथने दुसरी वाट घेतली. त्याने आपल्याहून अकरा वर्षांनी लहान असलेल्या फ्रँक शॅमरॉकशी आणि त्सुयोशी कोसाका या जपानी मल्लाशी जोड जमवली. मी तुम्हाला उभं राहायला शिकवतो, तुम्ही मला पडायला शिकवा, असा तो व्यवहार. पस्तिशीकडे झुकलेल्या, एका विद्येत जगज्जेत्या झालेल्या माणसाने तालमीत जाऊन रोज पोराटोरांकडून खाली पडायचं, हे लिहायला सोपं आहे. आमच्या तालमीत नवं पोर आलं की वस्ताद महिनोन्महिने त्याला नुसतं उचलून टाकून घेतो. माती अंगाला कळायला हवी म्हणतो. पण ते दहा वर्षांचं पोर असतं, त्याला हरवायला काही नसतं.

स्मिथ जमिनीवर कसबी झाला नाही, तसा त्याचा हट्टही नव्हता. खाली गेल्यावर न हरता वेळ कसा काढायचा, वरच्याचं वजन कुठं वळवायचं, त्याची मान छातीशी धरून ठोशांना जागाच कशी ठेवायची नाही आणि पहिली फट दिसली की कसं उठायचं, एवढं त्याने घेतलं. आणि दम. दम मात्र त्याने पोत्याने कमावला.

त्या जुलैच्या रात्री कोलमनने सुरुवातीलाच त्याला खाली घेतलं. पहिली कितीतरी मिनिटं स्मिथ छताकडे बघत होता. कोल्हापूरच्या हिशेबाने तो त्या रात्री पुन्हा पुन्हा हरला. त्याला आस्मान दाखवलं गेलं, आणि तो ते निवांत बघत राहिला. वरून डोकं, कोपर, मूठ येत होती. खालून तो दोन्ही पायांनी कोलमनची कंबर बांधून ठेवत होता, मधेच कोपराने उत्तर देत होता. हळूहळू गंमत उलटू लागली. चढून बसलेला धापा टाकू लागला. एवढे मोठे स्नायू, आणि त्यांना पाजायला हवा पुरेना. स्मिथ उठला. पुन्हा पडला, पुन्हा उठला. मग कोलमन मधे उभा, हात गुडघ्यांवर, तोंड उघडं. आणि स्मिथ हातभर अंतरावरून त्याच्या मांडीवर लाथा घालतोय. ठरलेली पंधरा मिनिटं संपली, तीन-तीन मिनिटांच्या दोन जादा फेऱ्या झाल्या. एकवीस मिनिटांनंतर तिन्ही पंचांनी स्मिथच्या बाजूने कौल दिला.

कुणी बेशुद्ध पडलं नाही, कुणी हात आपटून शरण गेलं नाही. एक माणूस दमला आणि दुसरा दमला नाही, एवढंच घडलं. पण त्या एकवीस मिनिटांनंतर ठोसेबाजांना पिंजऱ्यात परत जागा मिळाली. आज जगभर जे खेळाडू पट अडवून उभ्याने लढतात, पडले तर झटक्यात उठतात, ते सगळे त्याच वाटेवरून चालतात, मग त्यांना ती वाट कुणी काढली हे माहीत असो वा नसो. स्मिथची सत्ता पाचेक महिने टिकली. ऑक्टोबरात त्याने टँक ॲबट नावाच्या दांडगटाला लाथांनी टेकीला आणलं, आणि २१ डिसेंबरला जपानच्या योकोहामात रँडी कुटूर या आणखी एका कुस्तीगीराने त्याला पंचांच्या कौलावर हरवलं. तीही कुस्ती एकवीस मिनिटांची. कुटूरला यूएफसीने २००६ साली आपल्या मानकऱ्यांच्या यादीत बसवलं, कोलमनला २००८ साली. एकाकडून घेतलेला आणि दुसऱ्याला दिलेला पट्टा मधे ज्याच्या कमरेला होता, त्याचं नाव विचारलं तर हा खेळ रोज बघणारी पोरंही आठवू लागतात.

मला वाटतं, दोष कुणाचा नाही. आठवण ही प्रेक्षकांसारखीच असते, तिला निकाल लागतो. जो उडवला गेला त्याचं चित्र राहतं, ज्याने उडवलं त्याचं राहतं. ज्याने स्वतःला उडवू दिलं नाही, त्याचं चित्र कसं काढणार?

या बाबतीत १९७६ साल मोठं मासलेवाईक आहे. त्या वर्षी २६ जूनला टोकियोत मुहम्मद अली आणि जपानी कुस्तीगीर अँतोनियो इनोकी यांची झुंज लावली गेली. नियम असे की इनोकीने अलीला धड पाडायचंही नाही आणि उभ्याने लाथ मारायची नाही. इनोकीने तोड काढली. घंटा झाली की तो चक्क जमिनीवर पाठ टेकून पडायचा आणि पडल्या जागेवरून अलीच्या पोटऱ्यांवर लाथा हाणायचा. पंधरा फेऱ्या हेच. जगातला सगळ्यात बोलघेवडा ठोसेबाज भोवती फिरत “ऊठ, ऊठ” म्हणतोय, आणि कुस्तीगीर आपणहून चीत झालेला. अलीने मोजकेच ठोसे मारले, झुंज बरोबरीत सुटली, लोकांनी पैसे परत मागितले. अलीच्या पायांना मात्र दवाखाना दिसला. दोन विद्या समोरासमोर आल्या आणि दोघींनी एकमेकींना हात लावायचं टाळलं, म्हणून त्या झुंजीची कितीतरी वर्षं चेष्टा झाली. त्याच इनोकीने डिसेंबरात कराचीला गामा पैलवानाच्या पुतण्याचा, अक्रम पैलवानाचा, हात मोडला. त्या झुंजीला निकाल होता. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या तालमींतली जुनी माणसं अक्रमचं नाव काढून अजून हळहळतात.

आपल्याकडे ठोसा कुठं गेला, हाही विचार मनात येतो. कोल्हापुरात मारायची विद्या आहे, ती मर्दानी खेळांत आहे. शिवजयंतीला, दसऱ्याला चौकात लाठी फिरते, दांडपट्टा झळकतो, फरी-गदगा खेळला जातो, परकऱ्या पोरी आता त्यात पुढं असतात. पण मूठ? तालमीत मूठ उगारली तर वस्ताद बाहेर काढतो. हातात काठी असेल तर मारणं हे शौर्य, नुसती मूठ असेल तर ती भांडणं, अशी काहीतरी वाटणी आपण कधी काळी करून टाकली. पूर्वी ती इतकी पक्की नसावी. म्हैसूरला दसऱ्यात जेट्टी मल्ल मुठीत वज्रमुष्टी चढवून उतरत. डोक्यातून रक्त दिसलं की लढत थांबे. बडोद्यात खंडेराव गायकवाडांच्या दरबारी शिंगाची नखं हाताला बांधून झुंजी होत. लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने त्या १८६० च्या दशकात पाहिल्या आणि लिहून ठेवल्या. राजाचं नाव आहे, प्रवाशाचं आहे, हत्यारंही संग्रहालयांत सापडतात. लढणाऱ्यांचं बहुधा नाव नसतं. त्यांच्या टाळूवरचे वण त्यांच्याबरोबर गेले.

आणि हे सगळं मनात घोळत असताना शेवटी गाडी आपल्याच गावात येऊन थांबते. १९५२, हेलसिंकी. त्या ऑलिंपिकचं नाव काढलं की आपल्याकडे एकच माणूस डोळ्यांपुढं येतो आणि यायलाच हवा: खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचा, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी. त्याच्या प्रवासासाठी प्राचार्य खर्डीकरांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. २३ जुलैला ५७ किलो गटात कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही कथा शाळेच्या पुस्तकापासून चौकातल्या फलकापर्यंत सगळीकडे आहे.

त्याच हेलसिंकीत, त्याच दिवसांत, बाजूच्या गादीवर कोल्हापूरचा आणखी एक मल्ल लढत होता. माणगावे त्याचं आडनाव. निकालाच्या कागदांवर केशव म्हणून आहे. काही ठिकाणी कृष्णराव असंही छापलेलं आढळतं. म्हणजे नाव घ्यायचं म्हटलं तरी ते एक धड सापडत नाही. गट ६२ किलोचा. सुवर्ण तुर्कस्तानच्या बायराम शितला, रौप्य इराणच्या नासेर गिवेचीला, कांस्य अमेरिकेच्या जोसाया हेन्सनला, आणि चौथा माणगावे. पदक एका गुणाने हुकलं, असं सांगतात. त्या काळची रीत अशी की पराभवाला आणि गुणांवरच्या विजयालाही दंडाचे गुण पडत; ते ठरावीक आकड्याला पोचले की मल्ल स्पर्धेबाहेर. समोरच्याला चीत केलं तरच पाटी कोरी. म्हणजे जो तग धरून धरून जिंकतो, त्याच्याही नावावर थोडंथोडं कर्ज चढत जायचं. हा नियम कुणी बसवला असेल कोण जाणे, पण त्याला खासबागेत बसायला आवडलं असतं.

जगात चौथा! लाल मातीत वाढलेला, गादी ही वस्तू उशिरा पाहिलेला पोरगा थंड देशात जाऊन जगात चौथा येतो, आणि परत येतो तेव्हा रेल्वे स्टेशनावरचे हार दुसऱ्यासाठी असतात. त्याला काय वाटलं असेल याच्या गोष्टी मी रचणार नाही. कदाचित मित्राच्या पदकाचा आनंदच मोठा असेल. एका तांबड्या मातीत लोळलेल्यांचं नातं वेगळं असतं. खाशाबांच्या वाट्याला आलेली आठवणही काही धावत आली नव्हती. ते पोलिसात नोकरी करत राहिले, १९८४ च्या ऑगस्टमध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर कितीतरी वर्षांनी. दिल्लीतल्या कुस्तीच्या बंदिस्त मैदानाला त्यांचं नाव, १५ जानेवारीला राज्य क्रीडा दिन, हे सगळं अलीकडचं. २०२४ च्या १ ऑगस्टला आमच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्य मिळवलं, तेव्हा बहात्तर वर्षांपूर्वीचे खाशाबा पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आले. पदक पदकाला ओळखतं. चौथ्या नंबरला ओळखायला पुन्हा एखादा चौथा नंबरच लागत असावा.

पिंजऱ्याच्या खेळातही आता आपली माणसं आहेत. २०१७ च्या नोव्हेंबरात शांघायला भरत खंडारे यूएफसीच्या पिंजऱ्यात उतरला. भारतातून तिथं पोचलेला तो पहिला, कुस्तीतून गेलेला, आडनाव आपलं. समोरच्या चिनी पोराने पहिल्याच फेरीत त्याची मान काखेत धरली आणि झुंज संपली. तो चिनी पोरगा, सोंग यादोंग, पुढं मोठा झाला. पहिलेपणाचं असंच असतं. दार उघडणाऱ्याच्या अंगावरच आधी वारं येतं.

जत्रेच्या मैदानात सगळ्यात आधी लहान पोरांच्या कुस्त्या होतात, रेवड्यांवरच्या, नारळावरच्या. तेव्हा ध्वनिवर्धक नुकताच खरखरत सुरू झालेला असतो, पाहुणे यायचे असतात, पंचांच्या फेट्याचा शेव अजून नीट बसलेला नसतो. त्या कुस्त्यांचे निकाल कुठं लिहिले जात नाहीत. मग ऊन उतरतं, मोठ्या जोड्या लागतात आणि निवेदकाचा आवाज चढतो. कुस्तीचा निवेदक ही आमच्याकडची चालतीबोलती बखर. पैलवान हौद्यात उतरला की हा त्याचं गाव सांगतो, वस्ताद सांगतो, वस्तादाचा वस्ताद सांगतो, बापाने कुठल्या सालच्या जत्रेत कुणाला कुठल्या डावावर मारलं तेही सांगतो. कागद नसतो हातात. आणि अधूनमधून एखादी कुस्ती अशी लागते की अर्धा तास झाला तरी सुटत नाही. दोघंही घामामातीने एकाच रंगाचे झालेले, ओळखू येत नाहीत. पंच मधे पडतात, दोघांचे हात वर करतात, बरोबरीत सोडवतात. लोक चुकचुकतात, कुणी पाठ झाडून उठतो, चहाच्या गाड्याकडे निघतो. निवेदकही पुढच्या जोडीकडे वळतो, कारण बरोबरीच्या कुस्तीत सांगायला डाव नसतो.

मी कधीकधी मनाशी खेळ करतो की अशा एखाद्या निवेदकापुढं मॉरिस स्मिथला उभं करावं. तो कचरणार नाही, याची मला खात्री आहे. “लक्ष द्या मंडळी! सिएटल गावचा पठ्ठ्या! फ्रँक शॅमरॉक वस्तादांच्या आणि जपानच्या कोसाका वस्तादांच्या हाताखाली तयार झालेला! अलाबामाच्या मैदानात, सत्त्याण्णव सालच्या आषाढात, कोलमन पैलवानाला…” इथवर तो झोकात येईल. पुढचं क्रियापद त्याला शोधावं लागेल. आस्मान दाखवलं म्हणावं, तर आस्मान यानेच पाहिलं. चीत केलं म्हणावं, तर पाठ याचीच टेकलेली. निवेदक माईक जरा लांब धरेल, पाण्याचा घोट घेईल आणि तिथंच मागं बसलेल्या माणगाव्यांच्या वेळच्या एखाद्या म्हाताऱ्या पैलवानाकडे बघेल. आणि हलगीवाला काठी उचलून दोघांच्या तोंडाकडे बघत बसेल, की आता नेमकं काय वाजवू?